मोटारसायकल सजवा, पण कणा सांभाळून

आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर हल्ली लांबलचक, बुटक्या बांध्याच्या आणि पाय पुढे टाकून ऐटीत बसण्याच्या मोटारसायकली बऱ्याच दिसतात. त्यांना क्रूझर असे म्हणतात. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. तिकडचे रस्ते सरळ, रुंद आणि मैलोन्‌मैल न वळणारे. आपल्याकडे बजाजने कावासाकीच्या सहकार्याने २००१ साली एलिमिनेटर आणली, एन्फिल्डची थंडरबर्ड २००२ साली आली, २००५ साली अ‍ॅव्हेंजर आली आणि २०२० च्या नोव्हेंबरात मिटिऑर आली. पूर्वी बुलेट बाळगणे हे बागायतदाराचे किंवा फौजदाराचे लक्षण समजले जाई. आता शिक्षक, बँकेतले कर्मचारी आणि औषध कंपन्यांचे प्रतिनिधीही क्रूझर घेतात.

गाडी घरी आली की दुसऱ्या महिन्यापासून तिला वरून काहीबाही बसवणे सुरू होते. उंच हँडल, मऊ सीट, पाठीला टेकू, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, पांढरेशुभ्र दिवे, पुढची काच. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु यातल्या प्रत्येक वस्तूचा आपल्या मणक्याशी, मनगटाशी किंवा कानाशी थेट संबंध असतो. माझ्या अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात कंबर धरून किंवा हात झटकत येणाऱ्या तरुणांना मी आता दोन प्रश्न हमखास विचारतो. गाडी कोणती चालवता? आणि तिला काय काय बसवले आहे? अनेकदा निम्मे निदान तिथेच होते. म्हणून या आठवड्याच्या आरोग्य सदरात हा विषय घेतला आहे.

क्रूझरवर शरीर कसे बसते

साध्या मोटारसायकलीवर आपले पाय जवळजवळ शरीराच्या खाली असतात. समोर खड्डा दिसला की आपण नकळत पायांवर जोर देतो, बूड सीटवरून किंचित उचलतो आणि तो दणका गुडघे व मांड्या झेलतात. आपले गुडघे हे निसर्गाने दिलेले शॉकअपच होत. क्रूझरवर पाय पुढे असतात, त्यामुळे बूड उचलताच येत नाही. शरीराचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि माकडहाडाच्या आसपास येतो. खड्ड्याचा किंवा गतिरोधकाचा दणका सीटमधून सरळ कमरेच्या मणक्यात चढतो.

दुसरी गोष्ट कमरेच्या बाकाची. उभे असताना आपल्या कमरेला आतल्या बाजूने एक नैसर्गिक बाक असतो. पाय पुढे ताणून, पाठ गोल करून बसले की तो बाक नाहीसा होतो आणि मणक्यांमधल्या गादीच्या मागच्या कडेवर ताण पडतो. नाकेमसन या स्वीडिश अस्थितज्ज्ञाने गादीतला दाब प्रत्यक्ष मोजून दाखवले होते की, उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसताना हा दाब जास्त असतो आणि पुढे वाकून बसले तर आणखी वाढतो. त्यात दणके आणि इंजिनाची थरथर यांची भर पडली म्हणजे चाळिशीच्या आसपासची, आधीच थोडी झिजलेली गादी कुरकुरू लागते.

याचा अर्थ क्रूझर वाईट असा नाही. सरळ रस्त्यावर, शांत वेगाने, मधून मधून थांबत प्रवास केला तर ती पुढे झुकून चालवायच्या गाड्यांपेक्षा मानेला आणि मनगटांना सुखाची असते. प्रश्न आहे तो ती आपल्या अंगमापाला जुळवून घेण्याचा.

आधी बिनखर्चाचे उपाय

बाजारात जाण्यापूर्वी गाडीत आहे तेच नीट लावून पाहावे.

बहुतेक गाड्यांच्या मागच्या दोन्ही शॉकअपवर खाचा असलेले एक कडे असते. गाडीबरोबर मिळालेल्या हुकासारख्या पान्याने ते फिरवले की स्प्रिंग कडक किंवा मऊ होते. एकट्याने फिरणाऱ्याने मऊ बाजूला ठेवावे आणि मागे माणूस किंवा सामान असेल तर कडक करावे. दोन्ही बाजूंची खाच सारखीच हवी. दोघे बसत असताना स्प्रिंग मऊच ठेवली तर शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका दोघांच्याही कमरेला बसतो.

टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासावी. गाडीवरच्या पट्टीत किंवा माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा ती जास्त भरू नये. दगडासारखा टायर प्रत्येक खडी अंगात पोचवतो.

क्लच आणि ब्रेकच्या मुठी सैल करून थोड्या वरखाली फिरवता येतात. हात मुठीवर ठेवला असता कोपरापासून बोटांपर्यंत एक सरळ रेष व्हावी, मनगट वर किंवा खाली मोडू नये. पाच मिनिटांचे हे काम कित्येकांच्या मनगटाचे दुखणे थांबवते.

आणि शेवटचा उपाय, पाकीट मागच्या खिशातून काढा. जाड पाकिटावर तासभर बसले की एक कुल्ला वर राहतो, कंबर तिरकी होते आणि पायात जाणारी मोठी शीर दाबली जाते. पायात कळ येते म्हणून आलेल्या काही जणांना मी गोळ्यांच्या आधी हा सल्ला देतो.

सीट: मऊ म्हणजे आरामाची नव्हे

सगळ्यात जास्त पैसे सीटवर खर्च होतात आणि चुकाही तिथेच होतात. दुकानात अंगठ्याने दाबून पाहून मऊ सीट पसंत केली जाते. मऊ फोम पहिली दहा मिनिटे सुखाचा वाटतो. अर्ध्या तासाने तो आपल्या वजनाखाली पुरता दबतो आणि खालची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची बैठक हाडांना लागते. तेव्हा फोम घट्ट हवा, पण बसल्यावर हळूहळू अंगाचा आकार घेणारा हवा. रुंदी इतकी हवी की बैठकीची दोन्ही हाडे पूर्ण टेकतील. परंतु पुढचा भाग अरुंद असावा, नाहीतर मांड्या फाकून ताणल्या जातात.

सीटचा उतार टाकीकडे असेल तर माणूस सतत पुढे घसरतो. मग जांघेच्या मधल्या नाजूक भागातल्या नसांवर दाब येऊन तिथे बधिरता येते. पुरुष मंडळी हे लाजेने सांगत नाहीत. अशी बधिरता गाडीवरून उतरल्यावर थोड्या वेळात जात नसेल तर सीट बदलावी आणि डॉक्टरांनाही दाखवावे.

ज्यांचे माकडहाड पूर्वी पडून दुखावले आहे त्यांनी मागच्या बाजूला मधोमध खाच ठेवलेली सीट करून घ्यावी. आपल्या गावातला कुशनवाला हे काम चांगले करतो. त्याला गाडीवर बसून दाखवावे, नुसते माप सांगू नये. मात्र दोन इंच फोम वाढवून घेताना एक विचार करावा. मिटिऑरसारख्या गाडीचे वजन १९१ किलो आहे. सीट उंच झाल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकत नसतील, तर सिग्नलला किंवा चिखलात गाडी कलंडेल आणि ती सावरताना कंबर लचकेल. बुटक्या माणसाने उंची वाढवू नये, त्याच उंचीत चांगल्या दर्जाचा फोम बदलून घ्यावा.

चालवणाऱ्याच्या पाठीला टेकू लावायचा असेल तर तो कमरेच्या बाकात बसायला हवा, म्हणजे साधारण पट्ट्याच्या वर चार बोटे. खांद्याच्या फऱ्यांना लागणारा उंच टेकू कमरेला काहीच आधार देत नाही, उलट माणसाला पुढे ढकलतो.

हँडल: हात कुठे पडतात?

चित्रपटात नायक दोन्ही हात खांद्याच्या वर धरून मोटारसायकल चालवताना दिसतो. त्याला तसे फक्त दोन मिनिटांच्या दृश्यापुरते चालवायचे असते. हात खांद्याच्या पातळीला धरून ठेवायचे तर मानेचे आणि खांद्याचे स्नायू सतत आवळलेले राहतात, बोटांकडचा रक्तपुरवठा मंदावतो आणि मुंग्या येतात.

हँडलची जागा ठरवण्याची सोपी रीत अशी. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी किंवा कोणालातरी धरायला सांगावी. सीटवर नेहमीसारखे बसून डोळे मिटावेत, खांदे सैल सोडावेत आणि दोन्ही हात सहज पुढे न्यावेत. कोपरात किंचित वाक राहून हात जिथे थांबतील तिथे हँडलच्या मुठी हव्यात. ही जागा बहुधा कंबर आणि छाती यांच्या मधे असते. मुठी त्यापेक्षा दूर असतील तर आपण पुढे ओढले जातो आणि पाठ गोल होते. अशा वेळी हँडल थोडे मागे व वर आणणारे ठोकळे मिळतात, त्यांना रायझर म्हणतात. बुटक्या माणसाला इंच-दीड इंचाचा रायझर पुष्कळ होतो.

आमच्या तालुक्यात फिरणारे एक औषध प्रतिनिधी, वय ३८, रोज सव्वाशे-दीडशे किलोमीटर गाडीवर. रात्री झोपेत दोन्ही हात बधिर होऊन जाग येते आणि सकाळी शर्टाची बटणे लावता येत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. मधुमेह नव्हता, थायरॉइड ठीक होते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत बधिरता म्हणजे मनगटातून जाणारी मधली शीर दाबली जात आहे, असा अंदाज बांधला आणि शिरांच्या तपासणीत तो खरा ठरला. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी गाडीला छातीच्या वर येणारे हँडल बसवले होते. मनगटे मागे मोडून त्यांना दिवसाचे चार तास मूठ आवळून धरावी लागे, वर इंजिनाची थरथर. मूळचे हँडल परत बसवले, रात्री मनगटाला पट्टा बांधायला दिला आणि दर पाऊण तासाला थांबण्याची सवय लावली. दोन महिन्यांत बटणे लावता येऊ लागली. शस्त्रक्रिया टळली. उशीर झाला असता तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू सुकला असता, आणि सुकलेला स्नायू पूर्ववत होईलच याची खात्री नसते.

करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर दाब निराळ्या शिरेवर असतो, कोपराशी किंवा तळहाताच्या कडेला. तिथे मुठीचे रबर बदलणे आणि हँडलच्या टोकाला वजने लावणे यांनी थरथर कमी होते. मात्र फार जाड रबर लावू नये. मूठ जाड झाली की ती धरायला जास्त जोर लागतो आणि लहान हाताच्या माणसाला ब्रेक गाठता येत नाही. थरथरीचे दुखणे थट्टेवारी नेण्याजोगे नाही. जपानमध्ये मोटारसायकलवरून टपाल वाटणाऱ्या आणि वाहतूक पोलिसांमधल्या लोकांच्या बोटांवर होणारे तिचे परिणाम १९९० च्या दशकातच अभ्यासले गेले आहेत. थंडीत बोटे पांढरी पडत असतील तर धूम्रपान तर बंद करावेच, पण डॉक्टरांनाही भेटावे.

फूटरेस्ट आणि लेगगार्ड

काही जण मूळचे फूटरेस्ट काढून आणखी पुढे नेणारा संच बसवतात. क्रूझरचे पाय आधीच पुढे असतात, ते आणखी पुढे नेले की कमरेचा उरलासुरला बाकही जातो. उंच माणसाचे गुडघे टाकीला लागत असतील तर ठीक, इतरांनी या फंदात पडू नये.

लेगगार्डवर पाय टाकण्यासाठी वेगळ्या खुंट्या मिळतात. लांबच्या प्रवासात पाय क्षणभर मोकळे करायला त्या बऱ्या. पण तिथून पाय ब्रेकवर यायला अर्धा सेकंद तरी जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटरपेक्षा जास्त पुढे जाते. उसाच्या ट्रॉलीमागून अचानक म्हैस आडवी आली तर ते आठ मीटर कुठून आणायचे? गावात, बाजारात आणि घाटात त्या खुंट्यांवर पाय ठेवू नये.

लेगगार्ड मात्र असावा. गाडी आडवी पडली तर पाय तिच्याखाली चिरडण्याची शक्यता त्याने कमी होते. तो चेसिसला, त्यासाठी ठेवलेल्या जागीच घट्ट बसवलेला हवा आणि हँडलपेक्षा रुंद नको.

मागे बसणाऱ्या माणसाचा विचार

सजावटीत सगळ्यात जास्त अन्याय होतो तो मागे बसणाऱ्यावर, आणि आपल्याकडे ती बहुधा बायको, आई किंवा बहीण असते. मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलीला मागच्या व्यक्तीसाठी धरायला दांडा, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असावे लागते. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. हा नियम सौंदर्याच्या आड येतो म्हणून सर्वांत आधी काढले जाते ते साडीगार्ड आणि धरायचा दांडा.

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सदतीस वर्षांच्या एका बाईंना आमच्याकडे आणले. नवऱ्याच्या मागे एका बाजूने बसून त्या माहेरच्या वास्तुशांतीला निघाल्या होत्या. गाडीच्या मागे बारीक, डौलदार सीट बसवण्यासाठी धरायचा दांडा काढलेला होता. गावाबाहेरच्या, पट्टे न मारलेल्या गतिरोधकावर गाडी उडाली आणि धरायला काही नसल्याने त्या मागच्या मागे डोक्यावर पडल्या. गाडीचा वेग चाळीससुद्धा नव्हता. हेल्मेट फक्त नवऱ्याच्या डोक्यावर होते. मनगटाचे हाड मोडले होते ते मी बसवले. मेंदूला सूज होती म्हणून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. अठरा दिवसांनी त्या घरी आल्या. चालतात, बोलतात, घर सांभाळतात. परंतु त्यांना वास येत नाही. डोक्याच्या मागच्या भागावर आपटल्याने नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे बारीक तंतू तुटतात, ते त्यांचे तुटले. फोडणी करपली तरी कळत नाही, गॅस गळला तरी कळत नाही. स्वयंपाकघरात थोरली मुलगी असेल तरच शेगडी पेटवतात. काढून ठेवलेला तो दांडा त्यांच्या गोठ्यात अजून आहे असे त्यांच्या यजमानांनी मला सांगितले. तो पुन्हा बसवायला वीस मिनिटेही लागली नसती.

म्हणून माझा आग्रह असा की, खर्चाच्या यादीत मागच्या माणसाचे नाव पहिले असावे. मागच्या पाठीचा टेकू ही क्रूझरला लावण्यासारखी सर्वांत उपयोगी वस्तू. तो गाडी बनवणाऱ्या कंपनीचा किंवा त्या गाडीसाठीच केलेला असावा आणि चेसिसच्या बोल्टला बसणारा असावा. नुसता सीटच्या पत्र्याला अडकवलेला टेकू जोराने रेलल्यास मोडतो. टेकू बसवताना धरायचा दांडा काढावा लागत असेल तर दुसरा टेकू पाहावा. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे हेच सुरक्षित. साडीमुळे ते शक्य नसेल तर साडीगार्ड, एका बाजूचे रुंद पाऊलपाट आणि धरायचा दांडा हे तिन्ही शाबूत हवेत. पदर आणि ओढणी खोचून घ्यावी. आणि दुसरे हेल्मेट घ्यावे. १ जून २०२१ पासून आपल्या देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्हाचेच हेल्मेट बनवता व विकता येते, तेव्हा चिन्ह पाहूनच घ्यावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावावा. पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचते.

सायलेन्सर: कान परत मिळत नाही

मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर वाद घालणारे तरुण मला भेटतात. आवाज ऐकून लोक बाजूला होतात, असे ते म्हणतात. कानाचे शास्त्र असे सांगते की, ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास हीच कानाची मर्यादा समजावी. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. ताशी शंभरच्या वेगाला नुसत्या वाऱ्याचाच आवाज हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या वर जातो. त्यात उघड्या सायलेन्सरची भर घालायची म्हणजे कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मारण्याचा उद्योग. या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

सुरुवातीची खूण म्हणजे प्रवासानंतर कानात होणारी गुणगुण आणि गर्दीत दुसऱ्याचे बोलणे न समजणे. ही खूण दिसली की मूळचा सायलेन्सर परत बसवावा. लांबच्या प्रवासात कानात फोमचे बोळे घालावेत. त्यांनी वाऱ्याचा गोंगाट कमी होतो, हॉर्न ऐकू येतोच. गाणी ऐकायची यंत्रे मात्र कानात घालू नयेत. शिवाय आपण ज्या गल्लीतून रात्री जातो तिथे तान्ही मुले आणि हृदयविकाराचे रुग्ण झोपलेले असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

सायलेन्सरला बाहेरून उष्णतारोधक पत्रा हवाच. तो नसलेल्या गाडीवरून उतरताना पोटरी भाजलेली पोरे दर उन्हाळ्यात येतात. भाजल्यावर वीस मिनिटे नळाच्या साध्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद किंवा बर्फ लावू नये. फोड फोडू नये.

काच आणि दिवे

पुढची काच छातीवरचा वारा अडवते, त्यामुळे मान आणि हात कमी थकतात. तिची वरची कड साधारण नाक-हनुवटीच्या रेषेत असावी, म्हणजे नजर काचेवरून जाते. काचेतून पाहावे लागत असेल तर पावसात आणि रात्री समोरच्या दिव्यांनी काही दिसत नाही. काच फारच बुटकी असेल तर तिच्यावरून उसळलेला वारा थेट हेल्मेटवर आपटतो आणि डोके दुखते. आंबा घाटासारख्या ठिकाणी वळणावर बाजूचा वारा मोठ्या काचेला ढकलतो, तिथे वेग कमी ठेवावा.

जादा दिवे लावल्यास त्यांचे तोंड खाली, रस्त्याकडे हवे. समोरून सायकलीवर येणाऱ्या साठीच्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत असतो. पांढरा झोत डोळ्यांवर पडला की पुढचे काही क्षण त्याला रस्ता दिसत नाही. तो आपल्याच अंगावर येतो.

बसवताना घ्यायची काळजी

आमच्या गावातल्या एका अनुभवी मेस्त्रींशी याबाबत मी बराच वेळ बोललो. वर सांगितलेल्या औषध प्रतिनिधींचे हँडल बदलताना त्यांना असे आढळले होते की, उंच हँडलमुळे पुढच्या ब्रेकची नळी उजवीकडे पूर्ण वळवल्यावर तारेसारखी ताणली जात होती. तीच नळी कधीतरी घाटात तुटली असती. त्यांच्या बोलण्यातून आणि माझ्या अनुभवातून काढलेले काही नियम असे:

एका वेळी एकच बदल करावा. सीट, हँडल आणि टेकू एकाच दिवशी बदलले तर दुखणे कशाने वाढले किंवा कशाने थांबले हे कळत नाही. प्रत्येक बदलानंतर पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

हँडल बदलल्यावर ते दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून पाहावे. क्लचची केबल, रेसची केबल, ब्रेकची नळी आणि वायरी कुठेही ताणू नयेत, दबू नयेत. इंजिन चालू ठेवून हँडल वळवताना रेस आपोआप वाढली तर केबल आखूड पडली आहे असे समजावे आणि लांब केबल घालावी.

नट-बोल्ट अंदाजाने न आवळता, ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळावेत. तो ज्या गॅरेजात आहे तिथेच हे काम करावे. कमी आवळलेला बोल्ट सुटतो, जास्त आवळलेल्याचे आटे जातात.

दिव्यांचे काम करताना आधी बॅटरीची वायर सोडवावी. जादा दिव्यांना स्वतंत्र फ्यूज आणि रिले हवा. मूळच्या वायरी कापून जोड देऊ नयेत. एबीएस असलेल्या गाडीच्या चाकाजवळच्या वायरीला तर हातही लावू नये.

काम झाल्यावर पन्नासएक किलोमीटर गाडी चालवून सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत. काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या वर्णनापेक्षा गाडी वेगळी होईल असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या कायद्यात बेकायदा फेरफारासाठी गाडीमालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कर्कश सायलेन्सरसाठी पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा वस्तू घेण्यापूर्वी ती चालते की नाही हे परिवहन कार्यालयात विचारावे, गाडीच्या कंपनीने मान्य केलेलीच घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर दवाखान्याच्या बिलाशेजारी विम्याचा नकार येऊन पडला तर घर बसते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

गाडीवरून उतरल्यावर तासाभरात जाणारे अंगदुखणे हे बहुधा स्नायूंचे असते. पुढील लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत:

- कमरेतून गुडघ्याखाली उतरणारी कळ, खोकल्या-शिंकल्याने वाढणारी.
- पाऊल उचलताना अडखळणे, चप्पल पायातून निसटणे.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहणारी बोटांची बधिरता, हातातून वस्तू पडणे.
- दोन दिवस टिकणारी कानातली गुणगुण किंवा एकाएकी कमी झालेले ऐकू येणे.
- जांघेच्या भागातली बधिरता आणि त्यासोबत लघवी अडणे किंवा नकळत होणे. हे असेल तर रात्र असो वा सुट्टी, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मणक्यातल्या शिरांचा जुडगा दाबला गेल्याची ही खूण आहे आणि तिथे तासांना किंमत असते.

ज्यांना आधीच गादी सरकण्याचा त्रास आहे, त्यांनी तो पूर्ण शमल्याशिवाय लांबचा प्रवास करू नये. इतरांनी दर पाऊण तासाला थांबावे, पाणी प्यावे, कमरेवर हात ठेवून दहा वेळा हळूहळू मागे वाकावे आणि मग पुढे निघावे. रोज सकाळी पोट व पाठ बळकट करणारे व्यायाम करावेत. भुजंगासन आणि सेतुबंधासन कोणालाही घरी करता येतात. बळकट पाठीपेक्षा चांगला टेकू कोणत्याही दुकानात मिळत नाही.

येत्या सणाला गाडीवर पाच-दहा हजार रुपये खर्च करायचे मनात असेल, तर पहिले पैसे मागच्या माणसाच्या हेल्मेटवर आणि टेकूवर घालावेत, दुसरे स्वतःच्या सीटवर. त्यातून काही उरले तर चकाकणाऱ्या वस्तू जरूर घ्याव्यात. आणि ज्यांनी धरायचा दांडा किंवा साडीगार्ड काढून माळ्यावर ठेवले असेल, त्यांनी ते या रविवारीच खाली काढावे आणि मेस्त्रीकडून बसवून घ्यावे.